लिफ्ट संपते तिथून पुढं: बेळगावकरांसाठी बॅककंट्री स्कीइंगची तयारी

गुलमर्गला गोंडोलाखालच्या (दोरावरून जाणाऱ्या केबिनच्या लिफ्टखालच्या) उतारावर चार वळणं नीट मारता यायला लागली की नजर आपोआप बाजूच्या डोंगराकडं जाते. तिथं लिफ्ट नाही, खांब नाहीत, तरी वरपासून खालपर्यंत कुणाच्या तरी स्कीच्या रेघा उमटलेल्या असतात. ती माणसं स्कीच्या तळाला पट्टे चिकटवून स्वतःच्या पायांनी वर गेलेली असतात. हीच बॅककंट्री. उद्यमबागेत माझं मशीनशॉप आहे, थंडीत जमेल तसा मी काश्मीर गाठतो, आणि आमच्या भागातले जे मोजके स्कीवेडे आहेत ते कधी ना कधी शॉपमध्ये येऊन विचारतातच, "रिसॉर्टवर जमतंय, आता पुढं काय?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा लिहून टाकतो.

आधी फरक समजून घ्या. रिसॉर्टवर तुम्ही सकाळी चहा पीत असता तेव्हा स्की पेट्रोलवाल्यांनी, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्यांनी, उतार बघितलेला असतो. धोका वाटला तर स्फोटकं लावून बर्फ आधीच पाडलेलं असतं, तरीही पटलं नाही तर तो भाग त्या दिवशी बंद. म्हणजे तुमच्या वतीनं निर्णय कुणीतरी घेऊन ठेवलेला असतो आणि तुम्ही फक्त वळणं मारता. बॅककंट्रीत तो निर्णय तुमच्या गळ्यात. स्कीइंग किती छान येतं याला तिथं दुसरा नंबर. आज कुठल्या उतारावर जायचं नाही हे ओळखता येणं पहिलं.

गुलमर्गमध्ये हे विसरायला फार सोपं आहे. गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला अफरवट डोंगराच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. पेट्रोलची देखरेख असते ती गोंडोलाखालच्या मुख्य खोलगट उतारापुरती. तिथून डावी-उजवीकडं थोडं सरकलं की तुम्ही पूर्ण बॅककंट्रीत, पण तिकीट काढून, केबिनमध्ये बसून आल्यामुळं तसं वाटत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग मैदानाकडं लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणातले १७ जवान हिमस्खलनात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर पोलंडचे दोन स्कीअर गेले. ह्यातले कुणी हौशे-गवशे नव्हते.

मग तयार कधी समजायचं? माझी कसोटी साधी आहे. पाठीवर आठेक किलोची सॅक घेऊन, रोलर न फिरवलेल्या बर्फात, मध्यम-तीव्र उतारावर तुम्हाला हव्या त्या जागी थांबता आलं पाहिजे. दिसायला सुंदर वळणं नकोत. थांबणं, कडेनं घसरत खाली येणं, आडवं तिरकं जाणं, आणि मांडीभर भुसभुशीत बर्फात पडल्यावर दुसऱ्याची मदत न घेता स्की पुन्हा घालून उभं राहणं. हे शेवटचं वाटतं तितकं सोपं नाही. रिसॉर्टच्या कडक बर्फात काठी टेकून उठता येतं, इथं काठी मुठीपर्यंत आत जाते. दोन्ही काठ्या फुलीसारख्या आडव्या ठेवून त्यांच्यावर भार द्यायला शिका. ह्या सगळ्याचा सराव गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याखालीच करा, कारण तिथं बर्फ नैसर्गिक असलं तरी नियंत्रण आहे. एक हंगाम तिथंच काढला तरी तो फुकट जात नाही.

आता बेळगावात बसून काय करता येतं ते. माझ्या मते निम्मी तयारी इथंच होते, आणि जी इथं होऊ शकते ती गुलमर्गला जाऊन करणं म्हणजे दिवसाला काही हजार रुपये मोजून गिरवणी करणं.

सगळ्यात आधी बीकन, प्रोब आणि फावडं. ही तीन वस्तूंची जोडी आहे, यातली एक नसली की बाकीच्या दोन निकामी. बीकन म्हणजे अंगावर बांधायचं छोटं यंत्र, जे सतत ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडत असतं. कुणी गाडलं गेलं की बाकीचे आपापलं यंत्र शोधण्यावर फिरवतात. जगभर सगळ्या कंपन्यांची यंत्रं ह्याच फ्रिक्वेन्सीवर चालतात, त्यामुळं तुमचं आणि गाईडचं वेगळं असलं तरी बिघडत नाही. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण १० मिनिटांत बाहेर काढले तर वाचतात. त्यानंतर आलेख धाडकन खाली येतो, अर्ध्या तासापर्यंत दहांपैकी तिघांवर. त्यामुळं हेलिकॉप्टर, पोलीस, लष्कर हे सगळं नंतरचं. वाचवणार कोण, तर जो तुमच्या शेजारी उभा होता तो. म्हणूनच बीकन वापरणं फक्त तुम्हाला येऊन उपयोग नाही, जोडीदाराला ते तुमच्याहून चांगलं आलं पाहिजे.

टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोची मोकळी जागा आहे. सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी ओसरली की आम्ही तिथं सराव करतो. एक बीकन चालू करून प्लास्टिकच्या डब्यात घालायचं, डबा वाळक्या पानांच्या ढिगाखाली ठेवायचा, आणि लपवणाऱ्यानं घड्याळ लावायचं. शोधणारा ५० मीटरवरून निघतो. पहिल्यांदा सगळ्यांना एकच गोष्ट चक्रावते: बाण सरळ डब्याकडं नेत नाही. सिग्नल चुंबकीय रेषांवरून येतो आणि त्या रेषा वाकड्या असतात, त्यामुळं तुम्ही केळीच्या आकाराचा वळसा घेत पोचता. बाणावर विश्वास ठेवून चालत राहायचं, आकडा वाढायला लागला तरच उलटं फिरायचं. आकडा ३ च्या खाली आला की धावणं बंद. यंत्र जमिनीलगत धरायचं, फिरवायचं नाही, आधी पुढं-मागं आणि मग डावी-उजवीकडं हळू सरकवून सगळ्यात लहान आकडा शोधायचा. मोबाईल खिशात चालू असेल तर आकडे उड्या मारतात. शोधताना तो बीकनपासून निदान ५० सेंटिमीटर लांब, खरं तर बंदच. आम्ही असे वाकून जमिनीवरून यंत्र फिरवत असतो तेव्हा कुणीतरी आजोबा थांबून विचारतातच, "काय हरवलंय काय?" होय म्हणायचं आणि पुढं शोधायचं.

प्रोब म्हणजे घडीची लांब काठी, किमान २४० सेंटिमीटर. सगळ्यात लहान आकडा मिळाला तिथं ती उताराला काटकोनात घालायची, नाही लागलं तर २५ सेंटिमीटर अंतरानं गोल वाढवत जायचं. माणसाला लागली की हाताला कळतं. हे "कळणं" शिकण्यासाठी चिंध्या भरलेलं पोतं, एक दगड आणि एक लाकडाचा ओंडका असे तिन्ही ढिगाखाली ठेवून डोळे मिटून टोचून बघा.

फावड्याला मात्र लोक गृहीत धरतात. हिमस्खलन थांबल्यावर ते बर्फ भुसभुशीत राहत नाही, आमच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साच्यात ठोकून बसवलेल्या वाळूसारखं घट्ट होतं. प्लास्टिकचं फावडं त्यात वाकतं, अ‍ॅल्युमिनियमचंच घ्या. एक मीटर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर तरी बर्फ हलवावं लागतं, म्हणून कुठून खणायचं हे महत्त्वाचं. प्रोब जिथं लागला तिथं तो तसाच ठेवायचा, खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जायचं आणि तिथून आडवं आत शिरायचं. वरून विहीर खणलीत तर बर्फ उपसायला जागा राहत नाही, आणि तुम्ही स्वतःच त्याच्या अंगावर उभे असता. ओळखीच्या फाउंड्रीवाल्याकडं टाकाऊ वाळूचा ढीग असतो. एका रविवारी त्यावर दोघांनी आळीपाळीनं दहा मिनिटं खणून बघा. दर मिनिटाला पुढचा माणूस बदलायचा असतो तो का, हे तिथंच समजतं.

दुसरी गोष्ट उताराचा कोन. थराच्या थर सुटून येणारी हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, त्यातही ३८ च्या आसपास जास्त. गंमत अशी की स्कीइंगला मजा येते तीसुद्धा याच पट्ट्यात. ३० च्या खाली राहिलात तर धोका फार कमी होतो, फक्त डोक्यावर त्याहून तीव्र उतार नाही ना हे बघावं लागतं, कारण वरून सुटलेलं बर्फ सपाटीवरही येतं. पण डोळ्याला २८ आणि ३४ मधला फरक दिसत नाही. मला नाही दिसत, आणि माझा धंदाच मापाचा आहे. म्हणून काठ्यांवर खुणा करून ठेवतो. १२० सेंटिमीटरची एक काठी आडवी धरायची, पातळीत, टोक वरच्या बाजूला उताराला टेकलेलं. मुठीच्या टोकाखाली दुसरी काठी उभी लावायची. उभ्या काठीवर बर्फापासून आडव्या काठीपर्यंत ६९ सेंटिमीटर आले तर उतार ३० अंश, ८४ आले तर ३५, आणि पूर्ण १२० भरले तर ४५. लाल टेपच्या दोन पट्ट्या ६९ आणि ८४ वर चिकटवल्या की तिथं हातमोजे काढून मोबाईल चाळायला नको. येळ्ळूरच्या राजहंसगडावर, तिलारीकडं जाताना, रस्त्याच्या भरावावर, जिथं उतार दिसेल तिथं आधी अंदाज बोला आणि मग मापा. अंदाज सुधारतो, पण मापणं सोडायचं नाही.

सामानाबद्दल थोडक्यात, कारण ह्या विषयावर लोक गरजेपेक्षा जास्त बोलतात. रिसॉर्टच्या बुटांत चालता येत नाही, आणि टूरिंगच्या, म्हणजे चढून जायच्या, हलक्या बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीत) ते बसतही नाहीत. टूरिंग बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना पोलादी खळगे असतात, त्यात बाइंडिंगच्या दोन पिना बसतात आणि टाच मोकळी राहते. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना काढली; मशीनिंग करणाऱ्या माणसानं एकदा हातात घेऊन बघावी इतकी ती सुटसुटीत आहे. पहिल्या हंगामात स्की, बाइंडिंग आणि स्किन गुलमर्गमध्ये भाड्यानं घ्या. स्वतःचं विकत घ्यायचं ते आधी बूट, कारण भाड्याच्या बुटानं टाच सोलली की सगळा प्रवास पाण्यात. आणि मग बीकन. सेकंडहँड बीकन घेऊ नका. त्यात सेल अल्कलाइनच घाला, रिचार्जेबल नको, कारण त्याची उरलेली टक्केवारी यंत्राला खरी कळत नाही.

स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायचा लांब पट्टा. त्याची लव एकाच दिशेला असते, म्हणून पुढं सरकतो आणि मागं घसरत नाही. नायलॉनचा पकड चांगली देतो आणि टिकतो, मोहेरचा हलका सरकतो. नवख्यानं नायलॉन किंवा मिश्र घ्यावा. संध्याकाळी हॉटेलवर बुखारी (खोली गरम करायची शेगडी) पेटलेली असते आणि ओला स्किन तिच्यावर वाळत घालायचा मोह होतो. अजिबात घालू नका. गोंद वितळून स्कीला थापला जातो आणि दुसऱ्या दिवशी पट्टा चिकटत नाही. खोलीतच पण लांब टांगा.

चढण्याचं तंत्र असं की पाय उचलायचा नाही, सरकवायचा. नवखा माणूस जिना चढल्यासारखा स्की उचलतो आणि अर्ध्या तासात गळतो. कंबर सरळ, वजन टाचेवर, पावलं छोटी. पुढं वाकलात की पकड सुटते. उतार वाढला की टाचेखालचा उंचवटा काठीनं वर करायचा, पण त्याच्या जोरावर सरळसोट वर जाण्यापेक्षा नागमोडी वाट परवडते. प्रत्येक वळणावर किक टर्न लागतो: खालच्या स्कीवर पक्कं उभं राहायचं, वरची स्की उचलून नव्या दिशेला ठेवायची, तिच्यावर वजन टाकायचं, आणि मागच्या पायाची टाच आपटून स्कीचं शेपूट खाली पाडायचं म्हणजे टोक आपोआप वर येऊन फिरतं. ही टाच आपटण्याची वेळ साधणं हाच सगळा खेळ. शॉपच्या शेडमध्ये गोणपाट अंथरून, बूट-स्की घालून मी हे पोरांसमोर केलेलं आहे. पोरं हसली, पण डोंगरात ३५ अंशांवर पहिल्यांदा करण्यापेक्षा ते बरं.

दमाचं म्हणाल तर बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर, गुलमर्ग २,६५०, आणि गोंडोला तुम्हाला एका सकाळीत चार हजारांजवळ नेतो. व्यायामानं पाय तयार होतात, उंचीची सवय होत नाही. तिला दिवसच द्यावे लागतात. पोचल्यावर पहिले दोन दिवस खालच्या मैदानावर आणि पहिल्या टप्प्यावर काढा. डोकं दुखतंय आणि मळमळतंय तर वर जायचं नाही, वाढलं तर खाली यायचं. इथं असताना राजहंसगड किंवा देवरवाडीचा वैजनाथ डोंगर, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक, आणि तासाला ३०० मीटर चढाईचा वेग गप्पा मारत टिकला पाहिजे. उतरताना सॅकमधलं पाणी ओतून टाका, गुडघे वाचतात.

पहिली टूर लहान असू द्या. गुलमर्गच्या मैदानातून झाडीतून कोंगडूरीच्या (गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो तिथल्या) दिशेनं वर आणि त्याच वाटेनं खाली, किंवा उत्तराखंडातल्या औलीहून गोरसोन बुग्यालच्या सौम्य कुरणावर. खिलनमर्ग मैदान दिसतं म्हणून सुरक्षित समजू नका, त्याच्या वर अफरवटचे तीव्र उतार आहेत. अफरवटच्या पाठीमागं उतरायचं तर बोलूच नका. नियंत्रण रेषा जवळ आहे आणि तिथं लष्कराचा शब्द शेवटचा.

निघायच्या आधी डीजीआरई ही डीआरडीओची संस्था जिल्हावार हिमस्खलनाचा इशारा देते, तो बघा. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. पण तो अख्ख्या जिल्ह्याचा आहे, तुमच्या उताराचा नाही. उतारावर डोळे आणि कान उघडे ठेवायचे. शेजारच्या तशाच तोंडाच्या उतारावर ताजं स्खलन दिसतंय का? गेल्या चोवीस तासांत फूटभर नवीन बर्फ पडलंय का? वारा कड्यावरून बर्फ उडवून एका बाजूला साठवतोय का? पायाखाली "व्हुंफ" असा दबका आवाज होऊन बर्फ किंचित खचलं, किंवा स्कीपासून तडा सरकत गेला, तर चर्चा करायची नाही, मागं फिरायचं. तो आवाज म्हणजे आतला कच्चा थर मोडल्याची खूण. आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत. ते सांगतात की बर्फात दुपार आपली नसते. ऊन चढायच्या आत वर जाऊन खाली या. मार्चमध्ये तर हे जास्तच.

धोक्याच्या उतारावर चढताना अंतर ठेवून, उतरताना एका वेळी एकच. बाकीचे आडोशाच्या जागी थांबून त्याच्यावरची नजर हलवत नाहीत. काठीचे पट्टे मनगटात अडकवायचे नाहीत, कारण बर्फानं ओढलं तर त्या हाताला घेऊन जातात. आणि वर पोचल्यावर स्किन काढायची वेळ ही सगळ्यात घाईची असते: आधी जॅकेट घाला, मग जागा सपाट करा, स्किन काढून अंगातल्या जॅकेटच्या आत, बूट आवळा, चालण्याचा खटका बंद, आणि बाइंडिंगच्या पुढच्या लिव्हरचं लॉक सोडलंय का ते हातानं तपासा. लॉक राहिलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा जातो.

पहिली दोन-तीन वर्षं गाईडशिवाय जायचं नाही. गाईड निवडताना त्यानं किती मोठे उतार केलेत हे विचारू नका, त्याला विचारा की गेल्या हंगामात गिऱ्हाईक हट्ट करत असताना तो कुठून मागं फिरला. ज्याच्याकडं असं एकही उत्तर नाही त्याला सलाम करून दुसरा बघा. सकाळी तो प्रत्येकाचं बीकन एकेकाला पुढं चालवून तपासतो का, ते बघा. जमलं तर तीन दिवसांचा लेव्हल १ अ‍ॅव्हलांच (हिमस्खलन) कोर्स आधी करा.

किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड करून जा. परदेशी व्हिडिओ बघून सॅटेलाइट कम्युनिकेटर (उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र) मागवू नका. परवानगीशिवाय असं यंत्र बाळगलं तर विमानतळावर गुन्हा दाखल होतो. आरोग्य विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात का ते पॉलिसी उघडून वाचा, एजंटाच्या तोंडी भरवशावर राहू नका. स्की बॅग घेऊन जायला बेळगावहून निजामुद्दीनला गोवा एक्स्प्रेस आहे. खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर ठेवा, थर्मासमध्ये गरम पाणी. नळीची पाण्याची पिशवी नको, नळी गोठते. कुंदा न्या, पण तो गाईडच्या घरी द्यायला.

परत आल्यावर एक काम लगेच. आमच्याकडं जूनपासून चार महिने हवा ओली असते आणि सामान तिथंच मरतं. बीकनमधले सेल काढा, नाहीतर पाझरून टर्मिनल खातात. बुटांचे आतले लायनर बाहेर काढून सावलीत पूर्ण वाळवा. स्कीच्या पोलादी कडा कोरड्या पुसून मशीन ऑइलचा हात फिरवा, तळाला मेणाचा जाड थर देऊन तो तसाच राहू द्या. स्किन जाळी लावून घडी करा, झिपच्या पिशवीत घाला आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. माळ्यावर नको, उन्हाळ्यात पत्र्याखाली गोंद वितळतो.